ज्वाळेत संपणारी मुक्त मूलके राखेवर आठवडेच्या आठवडे का टिकतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्वाळेतील मुक्त मूलके सेकंदाच्या अंशात संपतात असे शिकवले जाते. मग एका औद्योगिक भट्टीच्या बॅग फिल्टरमधून, म्हणजे धूरवायू गाळणाऱ्या कापडी पिशव्यांतून, काढलेल्या राखेचा ईपीआर (एकटे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या तंत्राचा) सिग्नल तीन आठवड्यांनंतरही ठळक कसा दिसतो? राखेतल्या तांबे, लोह, जस्त यांच्या ऑक्साइडांचा त्यात हात आहे का? आणि भट्टीचे तापमान वाढवून हा प्रकार थांबवता येईल का?

हात आहे, आणि मोठा आहे. पण प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते आधी बाजूला करायला हवे. राखेवरची ही मूलके ज्वाळेतून कशीबशी वाचून आलेली नसतात. ती ज्वाळा मागे पडल्यावर, धूरवायू निवत असताना, राखेच्या कणांवर नव्याने तयार होतात. ज्वाळा फक्त कच्चा माल पुरवते: एकीकडे अर्धवट जळालेली बेंझीन वलयाची संयुगे, दुसरीकडे धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण. मूलकाचा जन्म या दोघांच्या भेटीत होतो. हे एकदा पक्के झाले की तिन्ही प्रश्न एकाच धाग्यात येतात.

जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू किंवा अणुगट म्हणजे मुक्त मूलक. सगळी मूलके सारख्याच घाईने संपत नाहीत. हायड्रॉक्सिल मूलक हवेत सेकंदभरही टिकत नाही, समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन ओढून घेते. मिथिल मूलक ऑक्सिजनला लगेच चिकटते. फिनॉक्सिलचा स्वभाव मात्र निराळा. फिनॉलच्या हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन काढून घेतला की फिनॉक्सिल उरते. त्यातला एकटा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर बसून राहत नाही, तो वलयाच्या ऑर्थो आणि पॅरा, म्हणजे शेजारच्या आणि समोरच्या, जागांवरही पसरतो. असा पसरलेला इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनशी बंध करायला फारसा राजी नसतो. साध्या तापमानाला फिनॉक्सिल आणि ऑक्सिजन यांची अभिक्रिया इतकी मंद आहे की वायू अवस्थेत ती मोजणेही अवघड जाते. कॅटेकॉल किंवा हायड्रोक्विनोनपासून बनणारी सेमिक्विनोन मूलके याच कुळातली.

मग वायूतले फिनॉक्सिल संपते कशाने? मुख्यतः आपल्याच भाऊबंदांनी. दोन फिनॉक्सिल एकमेकांना भेटली की दोन एकटे इलेक्ट्रॉन जोडी जमवतात आणि दोन्ही मूलके संपतात. ही अभिक्रिया फार झपाट्याने होते. नायट्रिक ऑक्साइडसारखी दुसरी मूलकेही त्याला अशीच गाठतात. म्हणजे फिनॉक्सिलला दीर्घायुषी करायचे असेल तर ऑक्सिजनपासूनचे संरक्षण त्याच्या रचनेत आधीच आहे. उरते ते एकच काम: त्याला एका जागी बांधून ठेवायचे, म्हणजे दोन मूलकांची गाठच पडणार नाही. धातूच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग नेमके हेच करतो. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, बांधून ठेवता ठेवता साध्या रेणूचे मूलक करण्याचे कामही तोच करतो.

टिकाऊ मूलकांची कल्पना नवी नाही. मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० मध्ये मिशिगन विद्यापीठात ट्रायफेनिलमिथिल तयार केले तेव्हाच कार्बनचे मूलकही टिकू शकते हे दिसले होते. तिथे तीन अवजड वलयांनी मधल्या कार्बनला घेरले होते, शिवाय इलेक्ट्रॉन त्या वलयांवर पसरला होता. राखेवरच्या मूलकांत तशी गर्दी नसते. तिथे आडोसा देतो तो पृष्ठभाग.

आता ही घटना जवळून पाहू. सिलिकाचा एक कण घ्या, त्यावर कॉपर ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे पुंजके. उघड्या हवेत आणि धूरवायूत अशा पृष्ठभागावर पाण्याच्या वाफेमुळे हायड्रॉक्सिल गट उगवलेले असतात, म्हणजे तांब्याच्या अणूला एक ऑक्सिजन आणि त्याच्या टोकाला हायड्रोजन. धूरवायू सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसवर आला आहे आणि त्यात फिनॉलची वाफ आहे. फिनॉलचा रेणू आधी हायड्रोजन बंधाने पृष्ठभागावर नुसता टेकतो. हा टेकू कमकुवत असतो, पुरेसे तापमान नसेल तर गोष्ट इथेच थांबते, रेणू पुन्हा उडूनही जातो. पण तापमान पुरेसे असेल तर फिनॉलचा हायड्रोजन आणि पृष्ठभागावरचा हायड्रॉक्सिल गट मिळून पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि फिनॉलचा ऑक्सिजन सरळ तांब्याला जोडला जातो. आता तो रासायनिक बंध झाला. इथपर्यंत मूलक नाही. त्यानंतर या बंधातून एक इलेक्ट्रॉन वलयाकडून तांब्याकडे सरकतो. दोन धनभाराचे तांबे एक धनभाराचे होते, म्हणजे तांब्याचे क्षपण होते आणि सेंद्रिय भागावर एकटा इलेक्ट्रॉन उरतो. हे झाले पृष्ठभागाला बांधलेले फिनॉक्सिल मूलक.

या तीन पायऱ्यांपैकी तिसरीवर मी सर्वाधिक भर देतो, कारण तिथेच गैरसमज होतो. पुष्कळ लेखनात ऑक्साइडला नुसता वाहक म्हटले जाते, जणू काजळी किंवा वाळूचा कणही तेच काम करील. शुद्ध सिलिकावर हीच वाफ त्याच तापमानाला सोडली तर मूलकांचा सिग्नल मिळत नाही किंवा नगण्य मिळतो. सिलिकॉनला इलेक्ट्रॉन घेण्यात रस नाही. इलेक्ट्रॉन स्वीकारू शकणारा धातू हवाच. तो स्वतः बदलतो, म्हणून त्याला या अभिक्रियेतला भागीदार मानले पाहिजे.

कच्च्या मालाच्या रेणूवर काय गट आहेत यावरून बंध कसा जुळतो ते ठरते. फिनॉल पाणी सोडून जोडले जाते. क्लोरोबेंझीनला हायड्रॉक्सिल गट नसतो, ते हायड्रोजन क्लोराइड सोडून जोडले जाते आणि परिणामी पुन्हा फिनॉक्सिलच मिळते. ऑर्थो-क्लोरोफिनॉलला दोन्ही वाटा मोकळ्या असतात: फक्त पाणी सुटले तर क्लोरोफिनॉक्सिल, पाणी आणि हायड्रोजन क्लोराइड दोन्ही सुटले तर रेणू दोन ठिकाणी पृष्ठभागाला जोडला जातो आणि ऑर्थो-सेमिक्विनोन प्रकारचे मूलक तयार होते. कॅटेकॉल, म्हणजे शेजारशेजारच्या कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल असलेले बेंझीन, दुहेरी बंधाची हीच वाट धरते. क्लोरीनयुक्त कचरा किंवा प्लास्टिक जळताना मूलकांचे मिश्रण इतके गुंतागुंतीचे का होते त्याचे कारण इथे आहे. लाकूड जळताना लिग्निनमधून फिनॉलची अनेक भावंडे सुटतात, म्हणून क्लोरीन नसला तरी मूलकांना कच्चा माल कमी पडत नाही.

तापमानाची खिडकी फार बोलकी आहे. प्रयोगशाळेत ही मूलके साधारण १५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात बनतात. त्याखाली रेणू टेकतो पण पाणी सोडून पक्का जोडला जात नाही. त्यावर पृष्ठभागावरचा सेंद्रिय भाग जळून जातो, तुटतो किंवा निसटतो. खुद्द वायूतले फिनॉक्सिलही भट्टीच्या खऱ्या उष्णतेत तग धरत नाही, कार्बन मोनॉक्साइड सोडून ते पाच कार्बनच्या वलयाच्या मूलकात बदलते. म्हणून ज्वाळेत ही मूलके शोधण्यात अर्थ नाही. शोधायची ती बॉयलरच्या शेवटच्या भागात, धूरवायूच्या नळीत, फिल्टरच्या पिशवीवर.

आणि इथे एक गोष्ट अभियंत्यांच्या नजरेतून सुटते. वायू या पट्ट्यातून काही सेकंदांत निघून जातो, पण राख थांबते. नळीच्या भिंतीवर बसलेला थर, बॅग फिल्टरवरचा राखेचा केक, हॉपरमधला (राख साठवण्याच्या पेटीतला) ढीग, या सगळ्यांना १५० ते २०० अंशांवर तासन्तास मिळू शकतात आणि त्या सगळ्या वेळात ताजा धूरवायू सेंद्रिय वाफ घेऊन त्यांच्यातून जात असतो. वायूचा मुक्काम मोजून अभिक्रियेला वेळच नाही असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चूक ठरते. मुक्काम मोजायचा तो घन पदार्थाचा.

हे सगळे कळले कसे, तेही थोडक्यात सांगतो. ईपीआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनला सूक्ष्मतरंगांनी हाक मारून त्याचे उत्तर टिपणारे तंत्र, १९४४ मध्ये कझान इथे येवगेनी झावोइस्की यांनी शोधले. दहा वर्षांत कोळशात मूलके दिसली आणि १९५८ मध्ये सिगारेटच्या धुरात. १९८० च्या दशकात विल्यम प्रायर यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठात सिगारेटच्या डांबरातल्या टिकाऊ मूलकांवर काम केले आणि ती सेमिक्विनोन प्रकारची असल्याचे मांडले. त्याच विद्यापीठात पुढे बॅरी डेलिंजर, स्लावो लोम्निकी आणि लाव्हरेंट खाचात्रियान यांच्या गटाने हा धागा ज्वलनाकडे वळवला. सिलिकावर कॉपर ऑक्साइड चढवून त्यावर फिनॉल, क्लोरोफिनॉल, क्लोरोबेंझीन यांची वाफ सोडायची, जास्तीची वाफ निर्वाताने ओढून घ्यायची, नमुना थंड करून ईपीआर घ्यायचा, असा त्यांचा साधा पण कसदार प्रयोग होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले तांब्याचे हे प्रारूप या क्षेत्राचा पाया ठरले. एक्स-किरण शोषणाच्या मोजमापांतून तांबे खरोखर क्षपित होते हेही दिसले. त्यामुळे इलेक्ट्रॉन सरकण्याच्या कल्पनेला ईपीआरखेरीज स्वतंत्र आधार मिळाला. मला तरी या साऱ्या पुराव्यातला हा सर्वांत भरवशाचा भाग वाटतो, कारण मूलक एका बाजूने आणि धातू दुसऱ्या बाजूने, दोघांचीही साक्ष जुळते.

पण सगळे धातू एकसारखे वागत नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हाच भाग कळीचा आहे. डेलिंजर यांच्या गटाच्या मोजमापांत मूलकांचे आयुष्य '१/ई' काळाने दिले जाते, म्हणजे मूलकांची संख्या मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. खोलीच्या तापमानाला, हवेत, कॉपर ऑक्साइडवर हा काळ साधारण एक ते तीन दिवसांचा निघाला. फेरिक ऑक्साइडवर मूलके तांब्याच्या मानाने सुमारे दहापट कमी बनली, पण टिकली जास्त: २४ ते १११ तास. निकेल ऑक्साइडवर दीड ते पाच दिवस. झिंक ऑक्साइडवर मात्र काही मूलके ७३ दिवसांपर्यंतचा १/ई काळ दाखवतात. हाच कच्चा माल, हेच तापमान, फक्त धातू बदलला, आणि आयुष्य दिवसांवरून महिन्यांवर गेले.

हे आकडे तुमच्या तीन आठवड्यांना लावून पाहा. १/ई काळ तीन दिवसांचा असेल तर २१ दिवसांत सात काळ उलटतात आणि मूळच्या हजारातले एकही मूलक धड उरत नाही. लोहाची वरची मर्यादा, सुमारे ४.६ दिवस, धरली तरी शंभरात एकच उरते. म्हणजे फक्त तांबे आणि लोह यांच्या बळावर तीन आठवड्यांनी ठळक सिग्नल दिसणे कठीण. जस्ताचा ७३ दिवसांचा काळ धरला तर २१ दिवसांनी तीन चतुर्थांश मूलके शाबूत असतात. तुमच्या राखेत जस्त किती आहे, हा म्हणून माझा पहिला प्रश्न असेल. टायर जळत असतील तर उत्तर बहुधा मोठे येईल, कारण रबराच्या व्हल्कनीकरणात झिंक ऑक्साइड घालतातच.

जस्ताबद्दल एक प्रामाणिक अडचणही सांगायला हवी. तांब्याला दोनवरून एक धनभारावर येणे सोपे आहे, लोहाला तीनवरून दोनवर. जस्ताला दोनवरून एकवर येणे मुळीच रुचत नाही. म्हणून वरचे 'इलेक्ट्रॉन धातूच्या अणूवर सरकतो' हे सरळ चित्र जस्ताला जसेच्या तसे लावता येत नाही. झिंक ऑक्साइड अर्धवाहक आहे, त्याच्या जाळीत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा आणि इतर दोष असतात, आणि इलेक्ट्रॉनची देवघेव एका अणूपुरती न राहता पृष्ठभागाच्या जाळीशी होते असे मानणे जास्त सयुक्तिक आहे. ज्या पृष्ठभागाला इलेक्ट्रॉन घेण्याची घाई नाही त्याला तो परत देण्याची किंवा सेंद्रिय भाग पूर्ण जाळून टाकण्याचीही घाई नसते. तांबे उत्तम ऑक्सिडीकारक उत्प्रेरक आहे: ते मूलक भराभर घडवते आणि भराभर मोडतेही. याच कारणाने जास्त मूलके घडवणारा धातू आणि मूलकांना जास्त काळ जपणारा धातू हे वेगळे निघतात, आणि राखेत दोन्ही एकत्र असले की पहिल्या दिवशीच्या सिग्नलवरून महिन्यानंतरचा अंदाज बांधता येत नाही.

आता तुमच्या सिग्नलकडे येतो, कारण जस्ताकडे बोट दाखवण्याआधी दुसऱ्या एका संशयिताची झडती घेतलीच पाहिजे. तो म्हणजे न जळालेला कार्बन. कोळशात आणि काजळीत वलयांच्या मोठ्या जाळ्यांत अडकलेले एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांना धातू लागत नाही आणि ते वर्षानुवर्षे टिकतात. जमिनीतल्या कोळशात तर ते भूवैज्ञानिक काळापासून आहेत. त्यांचा जी-अंक (ईपीआरची रेघ कुठे येते ते सांगणारा आकडा) मुक्त इलेक्ट्रॉनच्या २.००२३ च्या जवळ, साधारण २.००३ च्या आत असतो. एकटा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवरही वावरत असेल, म्हणजे फिनॉक्सिल किंवा सेमिक्विनोन असेल, तर जी-अंक २.००४ च्या वर सरकतो. दोन्ही मिसळले असतील तर मधला आकडा येतो. फरक तिसऱ्या दशांशात आहे, म्हणून चुंबकीय क्षेत्राचे अंशांकन त्याच दिवशी, ज्ञात जी-अंकाच्या नमुन्याने केलेले हवे. जुन्या अंशांकनावर विसंबून ही दोन कुळे वेगळी करायला जाणे व्यर्थ आहे.

राखेचा ईपीआर आलेख वाचताना आणखी काय दिसते तेही सांगतो. नेहमीच्या एक्स-बँड यंत्रावर, ९.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, सेंद्रिय मूलकाची रेघ ३,४०० गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) जवळ, पाच ते दहा गॉस रुंदीची, बारीक आणि उभी येते. पण ती एकटी येत नाही. दोन धनभाराचे तांबे स्वतःच एकटा इलेक्ट्रॉन बाळगते, त्याचा पसरट, अनेक शिखरांचा सिग्नल डावीकडे, जी २.१ ते २.३ च्या भागात असतो. लोहाचा डोंगर तर कित्येकशे गॉस पसरतो आणि कधी कधी आधाररेषाच वाकडी करतो. एक सिग्नल जी ४.३ पाशीही देतो. मँगनीज असेल तर सहा रेघांची शिडी जी २ भोवतीच उभी राहते आणि तुमची रेघ तिच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये सापडते. झिंक ऑक्साइडच्या स्वतःच्या दोषांचा सिग्नल जी १.९६ जवळ येतो, तो सेंद्रिय मूलक समजू नये. या गर्दीतून बारीक रेघ वेगळी काढून तिचेच क्षेत्रफळ घ्यायचे. सगळ्या आलेखाचे एकत्र क्षेत्रफळ घेतले तर धातूचे इलेक्ट्रॉनही मूलकांत मोजले जातात आणि आकडा फुगतो. हवेतल्या सूक्ष्म कणांत ग्रॅमला दहाच्या सोळाव्या ते अठराव्या घाताइतके एकटे इलेक्ट्रॉन नोंदवले गेले आहेत. त्याच्या कितीतरी वरचा आकडा आला तर आधी मोजणी तपासावी.

कार्बन की पृष्ठभागावरचे मूलक, याचा निवाडा एका आलेखावर होत नाही, क्षयाच्या वक्रावर होतो. राख काढल्यापासून पहिला दिवस, दुसरा, चौथा, आठवा, मग आठवड्यागणिक, अशी मोजणी करा आणि क्षेत्रफळाचा लॉगरिदम काळासमोर मांडा. एकच सरळ रेषा आली तर एकच प्रकार. बहुतेक राखांत सुरुवातीला तीव्र उतार आणि मग जवळजवळ सपाट शेपूट येते. तीव्र भाग तांबे-लोहावरच्या मूलकांचा. सपाट शेपटीचा जी-अंक वेगळा काढला आणि तो २.००३ च्या खाली भरला तर ती कार्बनची, २.००४ च्या वर भरला तर जस्तासारख्या पृष्ठभागाची. राखेतला न जळालेला कार्बन ज्वलनहानीच्या चाचणीने (राख तापवून वजन किती घटते ते पाहून) मोजून ठेवला असेल तर या निष्कर्षाला जोड मिळते. तुम्ही तीन आठवड्यांनी एकच आलेख घेतला असेल तर त्यावरून काहीही ठामपणे म्हणू नका, एवढीच माझी विनंती.

हे सगळे कशासाठी करायचे? कण श्वासातून फुप्फुसात जातात म्हणून. दीर्घायुषी म्हणजे निष्क्रिय, असा समज सहज होतो आणि तो घातक आहे. पाण्यात, म्हणजे फुप्फुसाच्या अस्तरावरच्या द्रवात, बांधलेले सेमिक्विनोन ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन देऊ शकते. त्यातून सुपरऑक्साइड बनते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि क्षपित तांबे किंवा लोह शेजारीच असल्यामुळे पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. शरीरातले क्षपणकारक पदार्थ, उदाहरणार्थ अॅस्कॉर्बेट, सेंद्रिय भागाला पुन्हा मूळ अवस्थेत आणू शकतात आणि चक्र पुन्हा फिरते. एक कण एकदाच इजा करून थांबत नाही. प्रयोगशाळेत हे डीएमपीओ नावाच्या स्पिन ट्रॅपने, म्हणजे अल्पायुषी मूलक पकडून ठेवणाऱ्या रेणूने, पाहतात: हायड्रॉक्सिल त्यात अडकले की ईपीआरमध्ये १:२:२:१ अशा उंचीच्या चार रेघा उमटतात. मात्र विरघळलेले लोह एकट्यानेही पेरॉक्साइड फोडते, म्हणून त्याच धातूचा पण मूलके नसलेला नमुना तुलनेला ठेवल्याशिवाय त्या चार रेघांचे श्रेय मूलकांना देता येत नाही. हवेच्या गुणवत्तेत आपण कणांचे वस्तुमान मोजतो. दोन ठिकाणी पीएम २.५ सारखेच भरले तरी एकीकडचे कण या चक्राने भारलेले आणि दुसरीकडचे साध्या मातीचे असू शकतात, आणि वस्तुमानाच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही. मला ही आजच्या मोजमापातली मोठी उणीव वाटते.

डायऑक्सिनशी, म्हणजे ज्वलनात बनणाऱ्या अतिविषारी क्लोरीनयुक्त संयुगांशी, असलेले नातेही विसरता येत नाही. १९७७ मध्ये नेदरलँड्समधल्या कचरा भट्ट्यांच्या राखेत आणि धुरात डायऑक्सिन सापडल्यापासून ते ३०० अंशांच्या आसपास तांब्याच्या साहाय्याने बनते हे पुढे येत गेले. पृष्ठभागाला बांधलेले क्लोरोफिनॉक्सिल हे त्या वाटेवरचे मधले स्थानक आहे. पृष्ठभागावरचे मूलक आणि वायूतून आलेला क्लोरोफिनॉलचा रेणू भेटले तर डायबेंझोडायऑक्सिनची चौकट, पृष्ठभागावरचे दोन शेजारी भेटले तर डायबेंझोफ्युरानची, असे साधारण चित्र आहे. म्हणून राखेतल्या मूलकांचा सिग्नल वाढलेला दिसला तर डायऑक्सिनची तपासणी लांबणीवर टाकू नये.

तापमान वाढवण्याचा प्रश्न राहिला. भट्टीत तापमान वाढवून अर्धा फायदा होतो. युरोपीय नियम कचऱ्याच्या धूरवायूला किमान ८५० अंशांवर दोन सेकंद ठेवायला सांगतात, क्लोरीनयुक्त घातक कचऱ्याला ११०० अंश. त्यामुळे फिनॉल, क्लोरोबेंझीन असा कच्चा माल घटतो, हे खरेच. पण तापमान वाढले की तांबे, जस्त यांची संयुगे जास्त प्रमाणात वाफ होऊन वर जातात आणि पुढे निवताना अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बसतात. पृष्ठभाग वाढतो, आणि धातूच्या प्रत्येक अणूमागे मूलके घडवण्याची क्षमताही बहुधा वाढते. म्हणून मी नेहमी धूरवायूच्या वाटेच्या शेवटाकडून विचार करायला सांगतो: धूरवायू ४०० वरून २०० अंशांखाली शक्य तितक्या झपाट्याने आणा, बॉयलरच्या त्या भागातले राखेचे थर साचू देऊ नका, बॅग फिल्टर गरजेपेक्षा गरम चालवू नका. मात्र आम्लाच्या दवबिंदूखाली (धूरवायूतले आम्ल द्रव होऊ लागते त्या तापमानाखाली) गेलात तर पिशव्या आणि पत्रा दोन्ही खराब होतील, ही मर्यादा पाळावीच लागते. इंधनात गंधक असेल तर त्याचा एक उपयोग दिसतो: सल्फर डायऑक्साइडमुळे कॉपर ऑक्साइडचे सल्फेट होते आणि तांब्याची धार बोथट होते. मुद्दाम गंधक घालावे असे मी म्हणणार नाही, पण गंधक नसलेल्या इंधनावर गेल्यावर राखेचा सिग्नल वाढला तर चकित होऊ नका. सर्वांत स्वस्त उपाय भट्टीच्या तोंडाशीच आहे: तांब्याच्या तारा आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिक एकत्र आत जाऊ न देणे.

पुढचा नमुना घ्याल तेव्हा राख फिल्टरमधून काढल्याची वेळ आणि त्या वेळचे हॉपरचे तापमान लिहून ठेवा. नमुन्याचे तीन भाग करा. एक नायट्रोजनखाली बंद, एक कोरड्या हवेत, एक दमट हवेत, तिन्ही अंधारात, कारण सूर्यप्रकाशानेही पृष्ठभागावर मूलके बनू शकतात आणि क्षयाचा वक्र बिघडतो. नायट्रोजनमधला सिग्नल टिकला आणि हवेतला उतरला तर ऑक्सिजन मूलके खातो आहे. दमट हवेतला त्याहून झपाट्याने उतरला तर पाणी त्या बंधातून मूलकाला सोडवते आहे. तिन्ही सारखेच सपाट राहिले तर जस्ताकडे जाण्याआधी राखेतला कार्बन मोजा. सोबत तांबे, लोह, जस्त आणि मँगनीज यांचे रासायनिक विश्लेषण जोडा. त्याच्याशिवाय ईपीआरचा आलेख मला पाठवलात तरी मी त्यातली रेघ कुणाची ते सांगू शकणार नाही.